धूर नसलेले निखारे

दर हिवाळ्यात मी आमच्या कंपनीतल्या लोकांना एका रात्रीसाठी डोंगरात मुक्कामाला नेतो. अंबडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या खोडी काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा, हा माझा उद्योग. त्यामुळे माझ्या स्वभावाबद्दल कंपनीत आणि घरी फारसं चांगलं बोललं जात नाही. सहलीच्या आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जे काही चालतं, त्यानं तो आणखी बिघडतो.

मागच्या वर्षी कोणीतरी ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला, की आपला सह्याद्री लाव्ह्यापासून तयार झालाय. झालं, सगळ्यांना कंठ फुटला. "म्हणजे आपण ज्वालामुखीशेजारी झोपणार?" "झोपलेला ज्वालामुखी जागा होऊ शकतो म्हणे." "लहान मुलांना आणायचं का मग?" मी लिहिलं, की हा दगड थंड होऊन सहा-साडेसहा कोटी वर्षं झालीत, आपला नाश्ता होईपर्यंत तो दम धरेल. यावर काहींनी अंगठे दाखवले, आणि अंजलीनं विचारलं, "पण नक्की ना, धनराजसर?"

अंजली माझ्याच विभागात मापं घ्यायचं काम करते. तिची मुलगी तेजल तेव्हा पहिलीत होती. नवरा सातपूरला कारखान्यात, आणि त्या शनिवारी त्याची नेमकी दुसरी पाळी. लेकीला घेऊन एकटीनं यायचं म्हणून बिचारी दहा वेळा विचारत होती. मी तिला जरा फटकारूनच सांगितलं, "अहो, आपण नवसाबाईच्या दारात झोपणार आहोत. डोंगर उठला तर तीच त्याला दटावून परत निजवेल."

ही नवसाबाई म्हणजे कोण ते सांगतो. त्र्यंबकच्या पुढे हरसूलच्या रस्त्यावरून आत वळलं की एक पाडा लागतो. मागे काळ्या कातळाचा डोंगर, पुढे धरणाचं पाणी आणि मधे भाताची खाचरं. भात कापून झालं की नवसाबाईचा मुलगा ललित त्या मोकळ्या खाचरांत टेंट लावतो आणि नाशिकची माणसं शनिवार-रविवार तिथं येऊन राहतात. टेंट ललितचे, हिशेब ललितचा. पण माणसं परत परत येतात ती नवसाबाईसाठी. पहिल्या वेळी मी तिला "तुम्ही" म्हटलं, तर ती फिस्सकन हसली. "तुम्ही काय करतो रं? मी काय मास्तरीण हाय?" तेव्हापासून मी तिला "मावशी" आणि "तू" म्हणतो, आणि ती मला चारचौघांत "ए धनराज" अशी हाक मारते. आमच्या मॅनेजरसमोरसुद्धा.

बहात्तरच्या दुष्काळात ती गुरं राखायची, एवढाच तिच्या वयाचा पुरावा. नवरा मोतीराम तरुणपणीच तापानं गेला. मग ललितला कडेवर घेऊन ती दर हिवाळ्यात पाड्यातल्या बायकांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जायची. बांधावर ताडपत्री टाकून चार-चार महिने राहायचं, पहाटेच्या गारठ्यात बागेत उतरायचं. लोक पैसे मोजून ताडपत्रीखाली झोपायला येणार आहेत, हे ललितनं तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरगा चेष्टा करतोय असंच तिला वाटलं. "आमाला तं कोणी फुकट बी झोपा म्हणत नव्हतं," असं ती मला म्हणाली, आणि पुन्हा पोट धरून हसली.

आणखी एक गोष्ट. नवसाबाई पाड्याची सुईण. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण बाई घरी आली की बाळाला पहिली अंघोळ घालायला, चोळायला, शेकायला नवसाबाईच लागते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं आणि आईला नि बाळाला ऊब द्यायची, हे काम ती हयातभर करत आलेली. पाड्यातलं जवळजवळ प्रत्येक पोर तिच्या मांडीवर न्हालेलं आहे. रस्त्यानं जाताना एखादा मिशीवाला बाप्या तिला "आजी" म्हणाला की ती मला हळूच सांगायची, "हा लय रडका होता."

मागच्या डिसेंबरात आम्ही पोचलो तेव्हा मी तिला ग्रुपवरची ज्वालामुखीची गंमत सांगितली. तिनं मान वर करून डोंगराकडे पाहिलं. "आग? याच्यात? उन्हाळ्यात वणवा लागतो तेवढीच. बाकी हा कुठं जात नाय, येत नाय." मग अंजलीकडे वळून म्हणाली, "भिऊ नको पोरी. माझ्या शेतात निजलेलं माणूस सकाळी च्या पिऊनच जातं." हे ती प्रत्येक पाहुण्याला म्हणायची. तिचा तो अभिमान होता, आणि तो कधी खोटा पडला नव्हता.

तेजल दिवसभर पाण्यात खेळली. संध्याकाळी वारा सुटला आणि पोरगी काकडायला लागली. जेवण तयार व्हायच्या आतच तिला झोप अनावर झाली. अंजलीनं तिला टेंटमध्ये नेऊन दोन पांघरुणांत गुंडाळलं, तरी तिचे दात वाजतच होते. नवसाबाई दाराशी येऊन बघून गेली. मग ती अंगणातल्या चुलीजवळ बसली आणि ऐनाच्या लाकडाचे निखारे वेगळे काढायला लागली. त्यातलं एखादं ढलपं धुपत असलं की ते बाजूला टाकायची. धुरानं पोरीला खोकला व्हायचा, म्हणून. चांगले लाल, धूर नसलेले निखारे घमेल्यात भरून त्यांच्यावर तिनं राखेचा थर दिला. टेंटचं कापड पेटू नये म्हणून घमेलं सपाट दगडावर, पोरीच्या पायांपासून लांब ठेवलं. टेंटच्या वरच्या खिडक्या लावल्या, बाहेर येऊन चेन खालपर्यंत ओढली आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून कडेनं पेंढाही दाबला. अंजली शेजारीच उभी होती. "थँक यू मावशी," ती म्हणाली. नवसाबाई तिला हाताला धरूनच पंगतीत घेऊन आली. "तू निवांत जेव. ती आता गुपचूप निजंल."

नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि लसणाची चटणी. जेवणं रेंगाळली, गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. नवसाबाई अंजलीला आग्रह करकरून वाढत होती. पोरगी उपाशी झोपली म्हणून थोड्या वेळानं अंजली एक मऊ भाकरी आणि दूध घेऊन तिला उठवायला गेली.

तिची किंकाळी ऐकून आम्ही धावलो. तेजल तिच्या हातांत होती, पण मान एका बाजूला लोंबत होती. कितीही हलवलं तरी डोळे उघडत नव्हती. ललितनं तिला उचलून बाहेर मोकळ्यावर आणलं. तिथं तिला एकदा उलटी झाली, ती कण्हली आणि परत ढिली पडली. नवसाबाई पुढे झाली. असली पोरं तिनं उलटी धरून, पाठीवर थापट्या मारून रडवलेली होती. तिनं तेजलच्या छातीवर हात ठेवला, आणि अंजलीनं तो हात झटकून टाकला. "हात लावू नका तिला!"

माझ्या गाडीतून आम्ही पोरीला घेऊन निघालो. निघताना आरशात मला नवसाबाई दिसली. ती ललितला एकच गोष्ट परत परत सांगत होती. तिचा आवाज गाडीपर्यंत येत होता. "धूर नव्हता रं. एक काडी धूर नव्हता."

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "टेंटमध्ये काही पेटवलं होतं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत ऑक्सिजनचा मास्क पोरीच्या तोंडावर चढवला. जळत्या निखाऱ्यांतून एक वायू निघतो, त्यानं सांगितलं. त्याला वास नाही, रंग नाही. मोकळ्या हवेत तो उडून जातो. बंद जागेत साठला की माणूस झोपेतच जातं. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढं म्हणून तो थांबला. तिथून रुग्णवाहिकेनं तेजलला नाशिकला हलवलं. सकाळी तिनं डोळे उघडले आणि आईला ओळखलं. रात्रभर अंजलीचं काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही.

पोरगी काही दिवसांत खडखडीत बरी झाली. डॉक्टरांनी सगळं तपासून, काही राहिलं नाही असं सांगितलं. अंजलीच्या सासरची माणसं पोलिसांत जायचं म्हणत होती. अंजलीनं जाऊ दिलं नाही. का, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेजल घरी आली, त्याच्या पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेलो. अंगणातली चूल फुटलेली होती. ललितनं सांगितलं, की आईनं स्वतः पहारीनं फोडली. आता तो पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर करत होता. टेंटांच्या वाटेवर त्यानं एक फळा लावला होता: टेंटमध्ये कोणताही विस्तव नेऊ नये, वरच्या खिडक्या बंद करू नयेत. नवसाबाई गोठ्यात होती. पाहुणे यायचे म्हटलं की ती गोठ्यात जाऊन बसायची, किंवा पलीकडच्या पाड्याला बहिणीकडे निघून जायची.

"पोरगी बरी आहे, मावशी. कालपासून शाळेत जायला लागली," मी म्हणालो.

तिनं पदरानं तोंड दाबलं आणि बराच वेळ रडली. मग म्हणाली, "माझ्या घरात समदी पोरं निखाऱ्यावर वाढली रं. ललित वाढला. बागंत ताडपत्रीखाली बी मी घमेलं ठेवायची. कोणाला काय नाय झालं."

मी तिला उठवून तिच्याच घरात नेलं. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर कौलं. भिंत जिथं संपते आणि छप्पर जिथं सुरू होतं, तिथं आख्खा हात जाईल एवढी मोकळी जागा चहूबाजूंनी आहे. बागेतल्या ताडपत्रीलाही तोंड उघडंच असायचं. टेंटला मात्र आपण चेन लावतो, आणि आत जे असेल ते आतच राहतं. हे मी तिला जमेल तसं समजावून दिलं. तिनं त्या फटीकडे बराच वेळ पाहिलं.

"तुला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "आम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

"पोरगी गेली असती तं, माहीत नव्हतं असं कोणाला सांगायला गेली असती मी?"

दिवसभर चुका काढणारा माणूस मी, पण त्या दिवशी ही चूक कोणाच्या नावावर टाकावी हे मला कळेना.

पुढे जे झालं ते मला जास्त लागलं. उन्हाळ्यात पाड्यात एक पोर जन्मलं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, तिची सासू नवसाबाईला बोलवायला आली, आणि नवसाबाईनं नाही म्हटलं. कंबर धरलीय, असं सांगितलं. पावसाळ्यात आणखी एका घरी तसंच. ललित मला फोनवर म्हणाला, "भाऊ, आई बाळांना हातच लावत नाय. रस्त्यानं कोणी पोर पुढं केलं तं पदराखाली हात लपवते." मी दोनदा जाऊन समजूत घातली, एकदा चिडलोसुद्धा. पण उपयोग झाला नाही. जिनं आख्ख्या पाड्याला न्हाऊ घातलं, तिचा आपल्याच हातांवरचा विश्वास उडाला होता. तो परत येईल की ती अशीच गोठ्यात बसून म्हातारी होईल, एवढाच माझ्यापुढे प्रश्न होता, आणि तो सोडवणं माझ्या हातात नव्हतं.

यंदाच्या सहलीचा विषय मी काढलाच नव्हता. एक दिवस कँटीनमध्ये अंजली माझ्यासमोर येऊन बसली. "सर, या वर्षी कधी जायचं?"

ती ताटातली भाजी चिवडत बोलली. "मी वर्षभर नीट झोपलेली नाही. रात्री मधेच उठून तेजलच्या नाकाशी बोट धरते. नवरा म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं ठीक आहे. ठीक आहे हो, पण हात आपोआप जातो." मग मान खाली घालून म्हणाली, "ते घमेलं मी पाहिलं होतं, सर. मावशींनी ते माझ्यासमोर ठेवलं. मी थँक यू म्हटलं. आणि मग त्यांचा हात झटकला. घरी सगळे त्यांनाच बोलत होते आणि मी ऐकत होते."

आम्ही गेलो. गाडीतून उतरताना मी नवसाबाईला पाहिलं, आणि तिनं तेजलला पाहिलं. ती लगेच पाठ फिरवून घरामागच्या खळ्याकडे चालती झाली. अंजली तिच्या मागे गेली. मी जाणार नव्हतो, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी कोपऱ्याशी उभा राहिलो.

नवसाबाई नागलीच्या कणसांच्या ढिगाशी पाठमोरी बसली होती. अंजली तिच्याजवळ मातीतच बसली. मग अंजलीनं तिचा हात घेतला. नवसाबाईनं तो सोडवायचा प्रयत्न केला. अंजलीनं सोडला नाही.

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला तसं झटकायला नको होतं."

"तू आई हाय. तू काय बी केलं तं बरोबरच."

"मीही तिथंच होते ना. मला काय कळलं होतं? मला वाटलं, किती प्रेमानं करतात." अंजलीनं तो हात आणखी घट्ट धरला. "ते प्रेमच होतं, मावशी. ते मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून आले."

दोघी रडत होत्या एवढंच मला दिसलं, आणि मग मी शहाण्यासारखा तिथून निघून आलो.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा नवसाबाई पंगतीच्या कडेला येऊन उभी राहिली. वाढलं मात्र नाही. तेजलला त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं. ती आजीला आपल्या पडलेल्या दाताची जागा दाखवत होती. जेवण झाल्यावर अंजली लेकीचं पांघरूण घेऊन आली आणि सरळ नवसाबाईच्या पुढ्यात धरलं.

"हिला आज घरात, तुमच्याजवळ झोपवा."

नवसाबाई दोन पावलं मागे सरली. "माझ्याजवळ नको. तुझ्याजवळ निजव. नायतर ललितच्या बायकोला दे."

"तुमच्याजवळच."

"नको गं पोरी. मला भ्या वाटतं."

"मलाही वाटतं," अंजली म्हणाली. "मी रोज जागते. आज एक रात्र तुम्ही जागा. मला दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही वाटत."

नवसाबाई तशीच उभी राहिली. मग तिनं दोन्ही हात पदराखालून बाहेर काढले, पांघरूण घेतलं आणि पोरीला कडेवर उचललं. तेजल आता तशी जड झाली होती. ललित धावला, पण तिनं त्याला नजरेनंच थांबवलं.

अंजली टेंटमध्ये एकटी झोपली. टेंटच्या वरच्या खिडक्या मी स्वतः दोनदा तपासल्या, आणि ललितनं माझ्यामागून तिसऱ्यांदा.

सकाळी उन्हं खाचरात उतरली, पोहे झाले, लोक धरणावर फिरून आले, तरी अंजलीचा पत्ता नव्हता. मी घाबरलो. टेंटपाशी गेलो तर टेंटची चेन अर्धी उघडी होती आणि दाराशी नवसाबाई बसली होती. डोळे लाल, केस विस्कटलेले. तिच्या मांडीवर तेजल, अर्धवट जागी, अंगठा चोखत. आत अंजली एका कुशीवर, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती. मी हाक मारायला वाकलो.

नवसाबाईनं माझा हात धरला.

"उठवू नको तिला, धनराज. रातभर मी फेऱ्या मारल्यात, पोरगी घरात नि आई इथं. दोघींचा बी श्वास पाहिलाय मी." तिनं तेजलच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "लय दिसांनी निजलीय ती. निजू दे."